शंभराचा कागद बासष्टला

"साहेब, तुमच्या कंपनीचं शंभराचं डिबेंचर बाजारात बासष्टला का मिळतं?"

मी माइकवरून हे विचारलं आणि शाळेच्या पटांगणात अशी सामसूम झाली, की फाटकाजवळ शेंगा विकणाऱ्या मावशींच्या पुडीच्या कागदाचा आवाजसुद्धा ऐकू आला. स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून शिरस फायबर्सचे अध्यक्ष रावसाहेब कणसे बसले होते. त्यांच्या शेजारी आमचे मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापकांच्या मागे जोगळेकरबाई. बाईंचा चेहरा मला दिसत होता. तो मी अजून विसरलेले नाही. कारण बाईंनी मला दिलेल्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, 'आपल्या यशाचे रहस्य काय?'

त्या वर्षी मी दहावीत होते आणि नुकतीच वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली आले होते, त्यामुळे मला माइकची भीती उरलेली नव्हती. खरं तर कशाचीच भीती उरलेली नव्हती. कुंदाला आणि शबनमला हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मला पेटवलं.

कुंदाचे वडील फायबरमध्ये होते. आमच्या गावात कंपनीला कुणी कंपनी म्हणत नाही, फायबर म्हणतात. आधीच्या दिवाळीला फायबरनं कामगारांना निम्मा बोनस रोख दिला आणि निम्म्याचे डिबेंचरचे कागद दिले, म्हणजे तेवढे पैसे कंपनीनं कर्जाऊ घेतल्याचे कागद.

"आप्पा म्हणाले, कागद काय चुलीत घालू?" कुंदा सांगत होती. "मग त्या दलाल उपळेकरांकडं नेऊन विकले. शंभराचा एक, बासष्टला. आता तू त्या रावसाहेबाला विचार, वरचे अडतीस रुपये कुणी खाल्ले?"

"असं कसं विचारणार?"

"नाहीच विचारणार ती," शबनम म्हणाली. "ही 'आपल्या यशाचे रहस्य काय' विचारणार आणि हार घालणार."

"विचारलंस तर स्टँडवरची भजी आमच्याकडून," कुंदा म्हणाली. "पोटभर. नाही विचारलंस तर आमच्या दोघींच्या नकाशावह्या तू रंगवायच्या."

म्हणून मी विचारलं.

रावसाहेब कणसे रागावले नाहीत. ते उठले, माइक हातात घेतला आणि आधी मलाच म्हणाले, "नाव काय बाळ तुझं?"

"नीलांबरी तांबट."

"शाब्बास. गेल्या वर्षात मला एवढा सरळ प्रश्न कुणी विचारला नाही." मग सगळ्या गावाकडं बघून म्हणाले, "बासष्टला मिळतं, कारण काही लोकांना दम निघत नाही. मुदत संपायला अजून दीड वर्ष आहे, तेवढं थांबवत नाही. आता विषय निघालाच आहे, तर मी आज एक गोष्ट जाहीर करतो. आम्ही तुम्हांला दीड वर्ष थांबवणार नाही. येत्या एप्रिलमध्येच सगळ्या डिबेंचरचे शेअर करून देऊ. तुम्ही आज कंपनीचे सावकार आहात. एप्रिलमध्ये मालक व्हाल!"

टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जोगळेकरबाईसुद्धा हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मी गावातली सगळ्यात शहाणी मुलगी झाले होते. लोकांच्या डोक्यात असं बसलं, की ती बातमी रावसाहेबांनी दिली नाही, मीच ती त्यांच्याकडून काढून घेतली. दूधवाले काका सायकल थांबवून म्हणाले, "तांबटांची ना गं तू? आमच्याकडं बारा कागद आहेत. ठेवू का?" मी म्हटलं, "ठेवा." इतक्या ठामपणे म्हटलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

बाबा एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. शनिवारी दुपारी ते ड्यूटीवरून आले तेच चपला न काढता.

"नीलू, चल. उपळेकरांकडं जाऊन येऊ."

आई आतून म्हणाली, "कशाला?"

"नुसतं विचारायला."

"नुसतं विचारायला जाणारा माणूस शर्ट बदलत नाही," आई म्हणाली. बाबा शर्ट बदलत होते.

बाबांच्या मनात काय होतं ते आम्हां तिघांनाही माहीत होतं. माझी मालूआत्या मिरजेला नर्स होती. तिनं लग्न केलं नाही. आदल्या वर्षी ती गेली, तेव्हा तिनं माझ्या नावावर वीस हजार रुपये ठेवले होते, शिक्षणासाठी म्हणून. ते बँकेत मुदत ठेवीत होते. आमच्या शाळेत दहावीच्या पुढं काही नाही. बाबांचा बेत असा, की मी अकरावी-बारावीला पुण्यात जायचं, मग मेडिकल, मग डॉक्टर नीलांबरी तांबट. हा बेत ते स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगून बसले होते. पण हॉस्टेल, मेस आणि क्लास धरले की आत्याचे पैसे बारावीपर्यंतच पुरत होते. पुढच्या मेडिकलच्या साडेचार वर्षांचं काय, या प्रश्नाशी आले की बाबा रेडिओ लावायचे.

उपळेकरकाकांचं ऑफिस भारत क्लॉथ स्टोअर्सच्या माडीवर होतं. ते विमाही विकायचे, पोस्टाची बचतही आणि शेअरही. टेबलावर तीन शिक्के आणि एक पंखा, तो फक्त त्यांच्याकडं तोंड करून.

"या, या, तांबट! आणि ही आपली प्रसिद्ध कन्या! पोरी, तुझ्या एका प्रश्नानं भाव सहा रुपयांनी चढवलास. काल बासष्ट, आज अडुसष्ट."

"म्हणजे उशीर झाला का?" बाबा घाबरून म्हणाले.

"छे! बसा. चहा सांगतो."

आमच्या गावात दलालाकडचा चहा घेतला म्हणजे सौदा ठरला, असं मानतात. बाबांनी चहा घेतला. मी घेतला नाही, पण ते फक्त मला चहा आवडत नाही म्हणून.

उपळेकरांनी कागदावर आकडे मांडले. एका डिबेंचरचे दोन शेअर होणार. शेअरचा आजचा भाव पंचावन्न. म्हणजे अडुसष्ट रुपये टाकायचे आणि एप्रिलमध्ये हातात एकशेदहाचा माल. वीस हजारांचे एप्रिलमध्ये बत्तीस हजार.

"आणि नुसते धरून ठेवलेत तर वर्षात शेअर शंभरावर जाईल. मग किती? करा हिशेब."

"जवळजवळ साठ हजार," मी म्हटलं.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांसमोर साडेचार वर्षं एकामागून एक उभी राहत होती, हे मला दिसत होतं.

मी काही खुळी नव्हते. मी विचारलं, "भाव पडला तर?"

"कितीपर्यंत पडला तर तुझं नुकसान?"

मी मनात भागाकार केला. "चौतीसच्या खाली गेला तर."

"पंचावन्नचा चौतीस व्हायला काहीतरी आभाळ कोसळायला पाहिजे ना?"

"मग काका, तुम्ही स्वतःच का नाही घेत सगळे?"

बाबा म्हणाले, "नीलू!"

उपळेकर मात्र खुशीत हसले. "हलवायानं जिलबी खाल्ली तर दुकान कधी चालवायचं?"

"आणि कंपनीच बुडाली तर?"

"विचार, विचार, सगळं विचार. डिबेंचर म्हणजे काय? तू कंपनीला दिलेलं कर्ज. मुदत संपली की तू सांगायचंस, मला शंभर रुपये रोख पाहिजेत का शेअर. आणि कंपनी बुडालीच, तर यंत्रं विकून आधी कुणाचे पैसे देतात? कर्ज देणाऱ्यांचे. शेअरवाले सगळ्यात शेवटी, काही उरलं तर. म्हणजे तू पुढच्या रांगेत. आता तर रोख का शेअर ही निवड करायची कटकटही नाही. मार्चमध्ये सभा होईल, सगळे हात वर करतील, पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी येतील. एप्रिलमध्ये सगळ्यांचे शेअर."

माझं समाधान झालं. तीन प्रश्न विचारले, तिन्हींची उत्तरं मिळाली. जिना उतरताना बाबा म्हणाले, "सोमवारी बँकेत जाऊ. ठेव मोडू. तुझी सही लागेल गं बाई आता, तू मोठी माणूस." ते गमतीनं म्हणाले, पण मी तशीच चालायला लागले.

रविवारी संध्याकाळी पैज वसूल करायला आम्ही तिघी स्टँडवर गेलो. रविवारी संध्याकाळी आमच्या स्टँडवर पुण्याला परत जाणाऱ्यांची गर्दी असते. कॉलेजची मुलं, हडपसरला कामाला असलेले, माहेरपण संपलेल्या बायका. कँटीनच्या बाकावरून बाबांची केबिन समोर दिसायची. शबनमनं तीन प्लेट भजी सांगितली.

"पोटभर म्हणाली होतीस," मी कुंदाला आठवण करून दिली.

"आधी एक तरी संपव. आप्पा म्हणतात, तांबटांच्या नीलीनं आमचं नुकसान केलं. बासष्टला विकले आणि तू विचारल्यावर अडुसष्ट झाले."

"मग परत घ्या म्हणावं."

"आप्पा? ते म्हणाले, आता फुकट दिले तरी नकोत."

"का?"

"का म्हणजे? त्यांना कागदच आवडत नाहीत."

तेवढ्यात स्टँडवर गलका झाला. पुण्याच्या गाडीचा घाटात पाटा तुटला होता. ती येणार नव्हती. ज्यांनी आरक्षण केलं होतं ते सगळे केबिनच्या खिडकीशी धावले. पैसे परत द्या, पैसे परत द्या. सगळ्यात पुढं एक टोपीवाले आजोबा होते. त्यांनी तिकीट धरलेला हात कोपरापर्यंत खिडकीतून आत घातला होता.

मग कर्ण्यातून बाबांचा आवाज आला. घरचा नव्हे, ड्यूटीचा.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. पुण्यासाठी जादा गाडी सोडण्यात येत आहे. प्रवाशांनी फलाट क्रमांक पाचवर रांग लावावी."

खिडकीशी होते ते सगळे वळले आणि पळाले. टोपीवाल्या आजोबांनी हात बाहेर ओढला, पिशवी उचलली आणि त्या वयात असे पळाले की शबनमनं टाळी वाजवली. खिडकीसमोर दोन मिनिटांत चिटपाखरू उरलं नाही. फलाट पाचवर जागेसाठी भांडणं सुरू झाली. फलाट पाचवर गाडी नव्हती.

मी भजी ठेवून उठले.

"ए, झालं का खाऊन?" कुंदा मागून ओरडली.

केबिनमध्ये बाबा चष्मा पुसत होते.

"बाबा, गाडी कुठं आहे?"

"कराड आगाराला फोन केलाय."

"येणार का?"

"बघतो म्हणाले."

"म्हणजे येणार?"

"अगं, बघतो म्हणाले."

"मग सांगितलंत कशाला?"

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की एवढं साधं कसं कळत नाही हिला. "गल्ल्यात तेवढी रोकड कुठाय? भरणा आगारात गेला दुपारीच. सगळेच खिडकीशी पैसे मागायला लागले तर मी काय खिशातून देऊ? फलाटावर उभा राहिलेला माणूस पैसे मागत नाही नीलू, तो गाडी मागतो. आणि गाडीची वाट बघायला लावता येते."

"आणि आली तर?"

"आली तर सगळेच खूश. मलाच चार लोक हात जोडतील."

"नाही आली तर?"

"तोवर खिडकी तरी मोकळी असते. जा आता, काम करू दे."

गाडी आली की नाही ते मी बघितलं नाही. मी बाहेर आले आणि कँटीनकडं न जाता थोडा वेळ फलाट पाचच्या टोकाशी उभी राहिले. टोपीवाले आजोबा रांगेत पहिले होते. तिथं पहिलं राहण्यासाठी त्यांनी एका बाईची पिशवी मागं सरकवली होती.

घरी जाताना मी शबनमकडं डोकावले. तिचा कराडला शिकणारा मोठा भाऊ सलीम रविवारचा घरी आला होता. तो सायकलचं काहीतरी कानसत बसला होता. मी त्याला चार-पाच प्रश्न विचारले. शबनमच्या अम्मी म्हणाल्या, "आता माझ्या पोराला पण माइकवरून विचारणार का?"

रात्री जेवायला बसलो तेव्हा बाबा खुशीत होते. त्यांनी बँकेचं पुस्तक आधीच फळीवर काढून ठेवलं होतं.

"उद्या साडेदहाला बँकेत," ते म्हणाले. "अकराला उपळेकर. उशीर केला तर सत्तरच्या वर जाईल."

"बाबा, टोपीवाले आजोबा पुण्याला गेले का?"

"कोण टोपीवाले?"

"खिडकीत हात घातलेले."

"मला काय माहीत? का गं?"

"त्यांचा हात आत होता. अजून एक मिनिट थांबले असते तर पैसे हातात पडले असते. तुम्ही त्यांना फलाटावर पाठवलंत."

"ड्यूटी आहे ती, नीलू."

"मी कुठं चूक म्हणते? मी म्हणते, कणसेसाहेबांचीही ड्यूटीच असेल."

बाबांचा घास हातात राहिला.

"आज डिबेंचरवाले खिडकीशी उभे आहेत, बाबा. दीड वर्षानं ते हात आत घालणार, शंभर रुपये रोख द्या म्हणून. रावसाहेब म्हणतात, तिकडं कशाला थांबता, एप्रिलमध्येच मालक व्हा. उपळेकरकाका म्हणाले, मी पुढच्या रांगेत आहे. हो, पण एप्रिलपर्यंतच. शेअर झाले की मी सगळ्यात मागं. मी काल भाव पडला तर विचारलं, कंपनी बुडाली तर विचारलं. रावसाहेबांना एवढी घाई का, ते विचारलंच नाही."

"त्यांनी भर सभेत सांगितलंय. सगळ्या गावासमोर."

"तुम्हीपण भर स्टँडवरच सांगितलंत."

आई फस्सकन हसली आणि तिनं लगेच तोंडाला पदर लावला. बाबा हसले नाहीत.

"पण गाडी येऊही शकते," ते म्हणाले. "जादा गाडी म्हणजे खोटीच असते असं नाही. मी कितीदा आणली आहे."

"येऊ शकते. मला माहीत नाही. साठ हजारसुद्धा होऊ शकतील."

"आणि नाही घेतले, तर?" बाबांचा आवाज आता ना घरचा होता, ना ड्यूटीचा. "वीस हजारांत बारावी होईल. पुढं? मला पगार किती आहे तुला ठाऊक आहे. साडेचार वर्षं मी कुठून आणू, नीलू? सांग. तूच सांग. हे एक दार उघडं दिसलं मला, म्हणून गेलो. मला काय शेअरचा नाद आहे?"

आईनं त्यांच्या वाटीत आमटी वाढली, ती भरून सांडेपर्यंत तिला कळलं नाही. डॉक्टर हा शब्द मलाही आवडायचा. वहीच्या मागच्या पानावर मी तो माझ्या नावाच्या आधी कितीदा लिहून बघितला होता. तो लिहिला की नाव चांगलं दिसतं.

"पैसे तिचे आहेत," आई शेवटी म्हणाली. "मालूवन्संनी तिच्या नावावर ठेवलेत. तिला काय करायचंय ते तिला बोलू द्या."

"मी ठेव मोडणार नाही," मी म्हटलं. "सही करणार नाही. उपळेकरकाकांना मी सांगते, तुम्ही जाऊ नका. आणि मी पुण्यालाही जाणार नाही, मेडिकललाही नाही. दहावी झाली की कराडला तंत्रनिकेतनात जाणार. तीन वर्षांचा डिप्लोमा. सलीमभाईला सगळं विचारलंय. फी, खोली, मेस, सगळं धरून आत्याच्या पैशांत शेवटपर्यंत होतं. मधेच कुणाकडं हात पसरायला लागत नाही. पैसे आहेत तेवढेच राहू देत, बाबा. मी कोर्स छोटा केलाय."

बाबांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "कसला डिप्लोमा?"

"मेकॅनिकल."

"मेकॅनिकल?" आई म्हणाली. "अगं, त्यात मुली असतात का?"

"सलीमभाई म्हणाला, त्याच्या वर्गात एक आहे," मी म्हटलं. "यंदा दुसरी जाणार."